थुंकीचा रंग

३ जानेवारी, शनि.

आज पुन्हा. साडेपाचला मि. लावली, चूळ भरली, आणि नेहमीच्या तपकिरी पाण्यात एक गुलाबी धागा. काल वाटलं ब्रश लागला असेल. आज ब्रश हातातही घेतला नव्हता. नळ मोठा सोडला. दुसऱ्यांदा थुंकले, फिकट. तिसऱ्यांदा पांढरं. मग चहा ठेवला.

(मि. म्हणजे मिश्री. स्वतःच्या वहीतसुद्धा पूर्ण शब्द लिहायला हात अडतो. बावीस वर्षं प्राथमिक शिक्षिका. शाळेच्या दारावरची ‘तंबाखूमुक्त शाळा’ ही पाटी मीच रंगवून घेतलेली. आणि बाईंची डबी कुठे, तर बाथरूमच्या माळ्यावर, जुन्या शॅम्पूच्या बाटलीमागे.)

हे सहाला निघाले. द्रोणागिरीच्या गोदामात सकाळची पाळी. ऋता झोपलेली, कॉलेज दहाला. कुणी काही पाहिलं नाही.

६ जानेवारी, मंगळ.

शनिवारी गुलाबी, रविवारी काही नाही, काल जरासं, आज परत. मधल्या सुट्टीत स्टाफरूम रिकामी होती तेव्हा मोबाईलवर शोधलं. थुंकीचा रंग बदलणे, कारणे. कारणं ढीगभर. हिरड्या सुजल्या तर लाल. सर्दी साचली तर पिवळी, हिरवट. पाणी कमी पडलं तर घट्ट, पांढरी. लोहाचं टॉनिक, काही औषधं, पान, तंबाखू. वाचत होते तोवर बरंच वाटत होतं, हिरड्याच असणार. मग खाली, अगदी शेवटी, तो एक शब्द. बोट तिथेच थांबलं. पान बंद केलं, हिस्टरी पुसली. माझा फोन ऋता पण घेते.

नंतर चौथीला परिमिती शिकवली. बाजू मोजा, बेरीज करा. आवाज नीट निघाला.

८ जानेवारी, गुरु.

आमच्या शाळेच्या सेविका पार्वतीमावशी व्हरांडा झाडत होत्या. सहज विचारल्यासारखं विचारलं, मावशी, थुंकीला रंग येतो का हो कधी?

“येतो की! मला टीबीची गोली चालू होती ना बाई, तवा माझी केशरी व्हायची. डोल्यांचा पानी पन केशरी. मी घाबरून रडले तर पदराला डाग! डाक्टर बोलले, गोलीचा रंग हाय, घाबरू नका, गोली सोडू नका.”

दोघी हसलो. मग झाडू थांबवून म्हणाल्या, “तुमाला होतंय काय?”

“छे, विज्ञानाच्या पुस्तकात आलंय.”

दुपारपर्यंत हलकं वाटलं. केशरी होऊनही बाई ठणठणीत आहे. घरी येताना लक्षात आलं, मी कुठलीच गोळी घेत नाही.

११ जानेवारी, रवि.

जेवणानंतर चूळ भरली आणि बेसिन लाल. गुलाबी नाही, लाल. बाथरूमच्या स्टुलावर बसले, कानात सुं आवाज. मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. ऋताची फी, तिचं लग्न, यांना साधी खिचडीसुद्धा येत नाही.

ऋताने दार वाजवलं. “आई, बरी आहेस ना? कोशिंबीर उरलीय, फ्रिजमध्ये ठेवू?”

कोशिंबीर. बिटाची. मीच किसलं होतं.

तिथेच तोंडावर टॉवेल धरून हसले. हसता हसता रडले. बाहेर आले तर ती म्हणते डोळे लाल का. म्हटलं साबण गेला.

१४ जानेवारी, बुध. संक्रांत.

तिळाच्या लाडवाचा पहिला घास डाव्या गालाला लागला आणि झोंबलं. जिथे रोज मि. धरते तीच जागा. जीभ फिरवली तर खरखरीत, भिंतीवरच्या चुन्याचा पापुद्रा सुटावा तसं. जीभ आता तिथून हलतच नाही. सगळ्यांना गोड बोला म्हणत होते आणि आत जीभ तिथे.

१५ जानेवारी, गुरु.

दोघं गेल्यावर आरशासमोर उभी राहिले. मोबाईलची बॅटरी लावली, गाल बोटाने ओढला.

पांढरा चट्टा. करंगळीच्या नखाएवढा. कडेला एक लालसर ठिपका. बोटाने पुसला, पुसला जात नाही. दुधाची साय असेल असं वाटून दोनदा घासलं.

तोंड पुरतं उघडतं ना कळायला तीन बोटं उभी आत जातात का बघितलं. जातात. हे कुठे वाचलं होतं आठवत नाही, पण जातात.

यांच्या आत्या तोंडाच्या कॅन्सरने गेल्या. शेवटी नळीतून पेज. माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं. ऋताच्या बारशाच्या दिवशी पाळण्याशी उभं राहून हे म्हणाले होते, हिच्या डोक्यावर हात ठेव आणि सांग सोडली म्हणून. हात ठेवला. सांगितलं. पंधरा दिवस सोडलीही होती.

पुढे वीस वर्षं.

लेकरू तापाने फणफणलं की पहिला विचार तो हात. कुणाला सांगू.

१९ जानेवारी, सोम.

ठरवलंय, दोन आठवडे बघायचं. तोंडातली साधी जखम तेवढ्यात भरते म्हणतात. २९ तारखेला दोन आठवडे होतात. तिखट बंद, तूप लावतेय. मि. निम्मी केली. निम्मीच. लाज वाटते लिहायला.

रोज तीन वेळा बघते. आज लहान वाटला. दुपारी शाळेच्या बाथरूममध्ये बघितला तर मोठा. उजेडाचा फरक असेल.

२३ जानेवारी, शुक्र.

शेजारच्या जोशीवहिनींकडे हळदीकुंकू. वाण म्हणून छोटा आरसा दिला. कोणाला आरसा, कोणाला कंगवा. माझ्याच हातात आरसा का यावा.

२६ जानेवारी, सोम.

झेंडावंदन झालं. त्यानंतर दरवर्षीप्रमाणे तंबाखूमुक्तीची शपथ. दरवर्षीप्रमाणे ती मीच सांगायची. माईक हातात, समोर दोनशे मुलं, उजवे हात पुढे.

“मी तंबाखूचे सेवन कधीही करणार नाही.”

दोनशे आवाज माझ्यामागून. पुढचं वाक्य घरातल्या माणसांबद्दल. घरात कोणी करत असेल तर त्यांना सोडायला सांगेन. तिथे मी अडखळले. पाणी प्या बाई, म्हणून मुख्याध्यापकांनी स्वतः ग्लास आणून दिला. पहिल्या रांगेतली तिसरीतली एक मुलगी माझ्याकडे इतकी एकटक बघत होती. तिला काय माहीत असणार. तरी.

चट्टा आहे तिथेच आहे. २९ पर्यंत थांबायचं नाही.

२८ जानेवारी, बुध.

अर्धी रजा टाकून तलावापलीकडच्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. मुद्दाम अशा ठिकाणी जिथे शाळेतलं कोणी जात नाही. डॉक्टर ऋतापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. खुर्चीत आडवं केलं, दिवा डोळ्यांवर. आधी काही विचारलंच नाही, नुसतं बघितलं. मग मास्क खाली करून:

“मिश्री किती वर्षं?”

खोटं बोलायला तोंड उघडलंच होतं. उघड्या तोंडाने खोटं बोलता येत नाही. “बारा वर्षांची होते तेव्हापासून. दाढ दुखत होती, आईने लावली.”

ती चिडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल. म्हणाली, “तुम्ही गुलाबी थुंकी बघून आलात ना? ते रक्त हिरड्यांचं आहे. हिरड्या सुजल्यात, खाली कीटण साचलंय. साफ केल्यावर ते जाईल. मला काळजी रंगाची नाही. या चट्ट्याची आहे.”

पांढरा आहे, कडेला लाल आहे, म्हणून तुकडा काढून तपासायचा. सर्जन सोमवारी त्याच दवाखान्यात येतात.

मी म्हटलं, दुखत तर नाही. ती म्हणाली, “सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच लोक उशिरा येतात.”

मी विचारलं, रंग बदलला की दर वेळी धावत यायचं का? तिने शांतपणे सांगितलं. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, परीक्षेला बसल्यासारखं. खाण्याचा, औषधाचा रंग एक-दोन दिवसांत जातो, त्याला घाबरायचं नाही. ब्रश करताना रोज रक्त येत असेल तर हिरड्या दाखवायच्या. रक्त दहा-पंधरा मिनिटं दाबून धरूनही थांबलं नाही, खोकल्यातून रक्त आलं, गिळायला किंवा श्वासाला अडलं, तोंड-मान सुजून ताप आला, तर त्याच दिवशी, वाट न बघता. आणि चट्टा, जखम, गाठ दोन आठवड्यांत गेली नाही किंवा तोंड कमी उघडायला लागलं, तर दुखो न दुखो, दाखवायचंच.

“आणि मिश्री आजपासून बंद. कमी नाही. बंद.”

जाताना म्हणाली, सोमवारी घरचं कोणीतरी सोबत आणा.

घरचं कोणीतरी.

२९ जानेवारी, गुरु.

सांगितलं. हे पाळीवरून आले, जेवले, टीव्ही लावणार तेवढ्यात. म्हटलं, अहो, जरा बसा. सगळं एका दमात सांगितलं. चट्टा, सोमवार, आणि मि. कधी सुटलीच नव्हती तेही.

मला वाटलं होतं यांना थोडं माहीत असेल. नव्हतं. खरंच नव्हतं. चेहरा असा झाला की मीच घाबरले.

“डोक्यावर हात ठेवला होतास.”

“हो.”

“पोरीच्या डोक्यावर.”

“हो.”

उठून बाल्कनीत गेले. बराच वेळ विमानं बघत उभे. नंतर आत येऊन म्हणाले, “डबी कुठाय?” आणून दिली. खाली जाऊन कचऱ्याच्या गाडीतच टाकून आले बहुतेक.

३१ जानेवारी, शनि.

हे बोलत नाहीत. म्हणजे बोलतात. दूध आलं का, किल्ली कुठाय.

डोकं फुटतंय. लवंग, बडीशेप, परत लवंग. सकाळी साडेपाचला जाग येते आणि करायला काही नाही. एका मुलाला उगाच ओरडले, पाढा चुकला म्हणून. तो रडला नाही, नुसता बघत राहिला. मधल्या सुट्टीत त्याला जवळ बोलावून फळ्यावर तारीख लिहायला दिली.

ऋताला यांनी सांगितलं वाटतं. संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसली. “बाबा म्हणतात तू माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होतीस. आणि इतकी वर्षं तू घाबरत होतीस मला काही होईल म्हणून?” मी मान हलवली. “अगं आई, मला बारावीला शहाऐंशी टक्के पडले. माझं काय वाकडं झालं?” आणि हसली. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला. “तुला काही होऊ देऊ नकोस फक्त.”

२ फेब्रुवारी, सोम.

तुकडा काढला. इंजेक्शनचं दुखलं, पुढचं कळलं नाही. कात्रीचा आवाज मात्र कळला. बाटलीतल्या पाण्यात टाकला, उंदराच्या कानाएवढा. दोन टाके. आठ दिवस थांबा म्हणाले.

हे बाहेर बाकावर. पाळी बदलून आले होते. मी कापूस दाताखाली धरून बाहेर आले, बोलता येत नव्हतं. स्कूटरवर बसताना पाठमोरेच म्हणाले, “आत्याच्या वेळी सगळे म्हणत होते, उष्णता झालीय, तूप लावा. मीच दुकानातून तूप आणायचो. चार महिने आम्ही तूप लावलं.”

मग किक मारली. मी यांच्या पाठीला डोकं टेकलं. यांनी झटकलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरु.

पातळ भात, ताक. शाळेत दाढ काढली म्हणून सांगितलंय.

फोन वाजला की धावत जाते. आज वाजला तो गॅसवाल्याचा.

रिपोर्ट वाईट आला तर कोणाकोणाला सांगावं लागेल याची मनात यादी होते आपोआप. आईचं नाव आलं की यादी थांबते.

८ फेब्रुवारी, रवि.

काही लिहिण्यासारखं नाही. भीतीलाही कंटाळा येतो का? तसं असावं. दिवसभर कपाट आवरलं. साड्यांच्या घड्या बदलल्या. ही ऋताला, ही माहेरच्या वहिनीला, असं मनात चाललेलं लक्षात आलं तेव्हा कपाट बंद केलं.

१० फेब्रुवारी, मंगळ.

कॅन्सर नाही.

हे मोठ्या अक्षरात लिहिणार होते. पण डॉक्टरांनी ‘नाही’ म्हटल्यावर श्वास घेऊ दिला आणि पुढे ‘पण’ म्हणाल्या. पेशी बदलायला लागल्यात. सौम्य आहे. मिश्री बंद राहिली तर चट्टा जाऊही शकतो, राहूही शकतो, क्वचित पुढेही जातो. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. “हमी मी देणार नाही. लक्ष ठेवू एवढं सांगते.”

यांनी रिपोर्ट तीनदा वाचला. एकही शब्द कळत नव्हता, इंग्रजी आणि त्यात डॉक्टरी. तरी बोट ठेवून वाचला.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, “माहेरी आणखी कोण लावतं?”

“आई. पण तिला काही नाही. साठ वर्षं लावतेय.”

“कधी तोंड बघितलंय कुणी त्यांचं?”

१५ फेब्रुवारी, रवि.

माहेरी, कोनला गेले. एकटीच. आईला माझं सांगायचं आणि तिचं तोंड बघायचं, असं ठरवून.

रस्त्यात जमीन गेली, त्या पैशांतून दादाने बंगला बांधला, फरशी चकाचक, पण आई बसते मागच्या दाराच्या पायरीवरच. अजून स्वतः तव्यावर तंबाखू भाजते. दारातच तो वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. अठरा दिवस झाले होते सोडून.

“काय झाला गो तुला? तोंड उतरलाय.”

दाढ काढली, म्हटलं. खरं सांगायचं ठरवून गेले होते आणि पहिलं वाक्यच खोटं.

“मग लाव जराशी. दुखनं जाईल.” आणि तळहात पुढे. तळहातावर काळी भुकटी. लहानपणी असाच पुढे केला होता.

घेतली.

लिहायलाच हवं. घेतली आणि लावली, उजव्या बाजूला, जणू डाव्या बाजूशीच काय ते भांडण आहे. दोघी पायरीवर बसलो, बोट हिरडीवर. अंगातून सगळं सैल झालं. इतकं बरं वाटलं की भीती वाटली.

मग आईचं बोट थांबलं. डोळे मिटले, कळ जावी तशी मान वाकडी झाली. बाजूच्या झाडाच्या आळ्यात थुंकली. तपकिरी नाही. लाल, आणि त्यात काहीतरी घट्ट. तिने लगेच पायाने माती सारली.

मी बघितलं हे तिनेही बघितलं.

“पान खाल्ला सकाली,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“पानच गो.”

“आई, आ कर.”

“नाय.”

“नुसतं बघते.”

“मना काय झाला नाय. आमी काय आज लावतो? तुजी आजी लावायची, तिची आई लावायची.” आणि उठून आत गेली. नळावर जाऊन मी माझं तोंड धुतलं, चार वेळा, पाच वेळा.

जेवायला तिने पेज घेतली. वहिनी म्हणाली, गणपतीपासून अशीच जेवतात, कवळी टोचते म्हणतात, काढून ठेवलीय. वहिनीच्या आवाजात काही नव्हतं. साधंच सांगत होती.

गणपतीपासून. बोटांवर मोजलं. सहावा महिना.

१६ फेब्रुवारी, सोम.

कालचं यांना सांगितलं. आईचंही आणि माझंही. आता लपवणं जमणार नाही म्हणून नाही, लपवून झालं म्हणून. हे उठून आत गेले. थोड्या वेळाने चहा करून आणला. साखर विसरले होते. प्यायले.

दातांच्या डॉक्टरांना फोन केला. आईचं ऐकून म्हणाल्या, माझ्याकडे आणण्यात वेळ घालवू नका, थेट खारघर.

इकडे कोणी नुसतं ‘खारघर’ म्हटलं की गावाबद्दल बोलत नसतं, तिथल्या कॅन्सरच्या हॉस्पिटलबद्दल, हे सगळ्यांना कळतं. आवाज खाली घेऊनच म्हणतात. आईला हा शब्द कसा सांगायचा.

दादाला फोन केला. “आई ठणठणीत हाय गं, तू उगाच. ती ऐकनार हाय काय कोनाचा?”

१८ फेब्रुवारी, बुध.

शाळेत वार्षिक तपासणीची गडबड. वह्या, नोंदी, पाट्या. ती दारावरची पाटी पुसायला पार्वतीमावशी स्टुलावर चढल्या होत्या. मी खाली स्टूल धरून उभी. एकदम म्हटलं, मावशी, ते विज्ञानाच्या पुस्तकातलं नव्हतं. माझंच होतं.

मावशी खाली न बघताच म्हणाल्या, “तवाच कललं मला. दाखवला ना डाक्टरला?”

“दाखवलं.”

“मंग झाला.”

आज मि. नाही. तिसरा दिवस. रविवारी पुन्हा शून्य झालं होतं.

२२ फेब्रुवारी, रवि.

परत कोन. या वेळी हे सोबत. पायरीवर बसले आणि खोटं न बोलता सुरुवात केली. गाल, चट्टा, तुकडा, रिपोर्ट. आई ऐकत होती, हात मांडीवर. तंबाखू भाजायचा तवा पालथा घालून ठेवला तिने, मधेच.

“मीच लावली तुला पयल्यांदा.”

“दाढ दुखत होती म्हणून लावलीस.”

“दाढंवर लवंग होती घरात.” एवढंच. मग पदराने तोंड पुसत राहिली, उगाच, कोरडं तोंड.

“आई, बुधवारी खारघरला मला दाखवायला जायचंय. मोठ्या डॉक्टरला. मला भीती वाटते. तू चल.”

अर्धं खरं. दाखवायला जायचं ते तिला. पण भीती खरी, आणि ती सोबत हवी होती तेही खरं.

आईने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं असणार. “येतंय,” म्हणाली.

२५ फेब्रुवारी, बुध.

दादाची गाडी, हे चालवत. आई मागे, ठेवणीतली हिरवी नऊवारी, लग्नाला निघाल्यासारखी. मी शेजारी. रस्ताभर तिने बाहेर बघितलं. हात मात्र माझ्या मनगटावर.

हॉलमध्ये खूप माणसं, आणि तरी आवाज नाही. कुणाच्या गळ्याला पट्टी, कुणाच्या नाकात नळी. पलीकडच्या बाकावर माझ्याच वयाची बाई, रुमालाने अर्धा चेहरा झाकलेला. आईने एकदा सगळीकडे बघून घेतलं आणि डोळे फरशीवर ठेवले ते आमचा नंबर येईपर्यंत.

आत तरुण डॉक्टर. आधी माझा रिपोर्ट वाचला. मिश्री विचारली. सांगितलं, सोडलीय, मधे एकदा लावली, दहा दिवस झाले. त्याने नुसतं लिहून घेतलं. मग आईकडे वळला. “आजी, तुम्ही पण दाखवता का जरा?”

“मी हिच्यासंगत आलंय.”

“हो, पण आलाच आहात तर.”

ओठ घट्ट. मान भिंतीकडे. नर्सबाई म्हणाली, आजी, दोन मिनिटांचं काम आहे. नाही. मी म्हटलं, आई. नाही. हे दाराशी उभे होते, तेही म्हणाले, अहो सासूबाई. एरवी यांच्या शब्दाबाहेर जात नाही ती. नाही.

डॉक्टरने बॅटरी खाली ठेवली. मला वाटलं आता डॉक्टर पुढचा नंबर घेतील, आणि मग ती कधीच येणार नाही.

तेवढ्यात आई माझ्याकडे वळली.

“तुजा दाखव आधी. मना बघू दे.”

मी तिच्याकडे तोंड करून बसले. गाल बोटाने ओढला. डॉक्टरने बॅटरी धरली. आई पुढे वाकली, डोळे बारीक करून, मी लहान असताना काटा काढायला वाकायची तशी. तिचा श्वास माझ्या चेहऱ्यावर. त्या श्वासाला वास होता. तो मला आधी कसा कळला नाही.

“ह्योच काय? एवढूसा?”

मी मान हलवली. तोंड उघडंच.

“माझा मोठा हाय,” आई म्हणाली.

आणि डॉक्टरकडे वळून तिने आ केला.

मला तिथून दिसलं नाही. डॉक्टरचा चेहरा दिसला. त्याने बॅटरी जरा बाजूला घेतली, पुन्हा आणली, आणि नर्सबाईकडे न बघता हात मागे केला, नवे हातमोजे मागायला. मग हनुवटीखाली, मानेला दोन्ही बाजूंनी बोटं लावून चाचपलं. डाव्या बाजूला बोटं थांबली. आई टक्क छताकडे बघत होती.

लगेचच तुकडा घेतला. स्कॅनचे फोटो काढायचे ते परवा. डॉक्टर बाहेर येऊन मला आणि यांना वेगळं घेऊन म्हणाले, रिपोर्ट येईपर्यंत मी काही म्हणणार नाही, पण तारीख चुकवू नका.

गाडीत बसल्यावर आई कापसातूनच म्हणाली, कोनला नको. आज तुज्याकडं.

आता ऋताच्या पलंगावर झोपलीय, भिंतीकडे तोंड करून, नऊवारी न बदलता. ऋता खाली बसून अभ्यास करतेय, पुस्तक उघडं, पान उलटत नाही. दादाला काय सांगायचं ते ठरलेलं नाही. हे म्हणतात मी सांगतो. मी म्हटलं नको, मीच.

रिपोर्ट पुढच्या बुधवारी.